सहा पौंडांचा हिशेब

ऑगस्ट संपत आला की आमच्या दुकानातला फोन थांबत नाही. साउथ डकोटात फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. त्याआधीच्या सहा-सात आठवड्यांत, वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बंदुका एकेक करून माझ्या बाकावर येतात. कुणाचा चाप जड झालेला, कुणाच्या नळीत गंज, कुणाच्या दस्त्याला मनगटापाशी चीर. अशाच एका दुपारी फोनवर मराठी ऐकू आलं. हातातली कानस खाली ठेवून मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

"काका, मिनियापोलिसहून बोलतोय. मराठी मंडळातल्या एका काकूंनी तुमचा नंबर दिला. मला शिकारीसाठी एक ओव्हर-अंडर घ्यायचीय. हलकी हवी, आणि हजार डॉलरच्या आत. कुठली घेऊ?"

मुलगा मूळचा साताऱ्याकडचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसातल्या सहकाऱ्याने गेल्या वर्षी त्याला फेझंटला नेलं होतं, हातात स्वतःची जुनी आठ पौंडांची बंदूक देऊन. दिवसभर मक्याच्या रानातून आणि गुडघाभर गवतातून चालून याचे हात भरून आले. चार वाजता पायाजवळून कोंबडा उडाला तेव्हा बंदूक खांद्यापर्यंत येईतो तो दिसेनासा झाला होता. म्हणून आता हलकी हवी. मागणी रास्त होती. चौदा वर्षं मी या दुकानात काम करतोय, आणि दर हंगामात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकतोय. फोनवर अर्धा तास बोललो तरी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो आहे.

माझं गाव कुडाळजवळचं. वडिलांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. रानडुकरं भातात शिरली की रात्री एक बार काढायचा, आवाजाने कळप पांगायचा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत आणायची. कोकणातल्या परवानाधारकांना हा फेरा पाठ असतो. वडिलांनी मला बंदूक कशी मारायची ते फारसं शिकवलं नाही. कशी हातात द्यायची ते मात्र शिकवलं: नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, आत काडतूस नाही हे दोघांनी डोळ्यांनी बघून, मगच. पुढे मी आयटीआयला फिटरचा कोर्स केला, कोल्हापुरात शिरोलीच्या एका टूलरूममध्ये नऊ वर्षं डाय बसवल्या. बायको नर्स. तिच्या नोकरीमुळे आम्ही सू फॉल्सला आलो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी आधी एका मशीन शॉपमध्ये लागलो आणि तिथून या दुकानाच्या दुरुस्तीच्या बाकावर आलो. मालकांनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक दुनळी ठेवली आणि विचारलं, "ही नीट बंद होतेय का, सांग." उत्तर द्यायला मी वीस मिनिटं घेतली. त्यावर त्यांनी मला कामावर ठेवलं.

आपल्याकडे शिकार म्हटलं की मन मागे सरतं, आणि त्याला कारण आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेची शिकार संपली, आणि जे उरलं होतं ते वाचवायला तो कायदा हवाच होता. इथली गोष्ट निराळी आहे. फेझंट हा आपल्या रानकोंबड्याच्या कुळातला, लांब शेपटीचा पक्षी. तो मुळात अमेरिकेचा नाही. १८८०च्या दशकात चीनमधून ओरेगनात आणलेले पक्षी तिथे रुजले, आणि पुढे इथल्या मैदानात असे काही वाढले की १९१९मध्ये साउथ डकोटात स्पिंक काउंटीत पहिला हंगाम उघडला. आज तो या राज्याचा राज्यपक्षी आहे. मारायचा तो फक्त नर, माणशी दिवसाला तीन. मादीवर गोळी झाडायची नाही. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे प्रत्येक लांब बंदुकीवर आणि काडतुसावर ११ टक्के कर बसतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पक्ष्यांसाठी म्हणून शेताच्या कडेला ज्वारीचे पट्टे राखलेले मी इथे पहिल्यांदा पाहिले. सातासमुद्रापार ज्वारीची कणसं वाऱ्यात हलताना दिसली आणि मी गाडी थांबवून उतरलो होतो.

आता बंदुकीकडे येतो. ओव्हर-अंडर म्हणजे दोन नळ्या एकाखाली एक. आपल्याकडच्या जुन्या दुनळीत नळ्या शेजारी-शेजारी असतात. नळ्या वर-खाली असल्या की डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी येते आणि नेम एका रेषेत राहतो. अमेरिकी बंदूककार जॉन ब्राउनिंग यांनी या जातीची सुपरपोज्ड नावाची बंदूक घडवायला घेतली. १९२६मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यात काम करतानाच ते वारले. मुलगा व्हॅल याने काम पुढे नेलं आणि १९३१पासून ती बाजारात आली. १९७३मध्ये ब्राउनिंगचीच सिटोरी आली, जपानमधल्या मिरोकू कारखान्यात बनलेली. तिने ही बंदूक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. तरी नवी सिटोरी आज दोन हजार डॉलरच्या वरच जाते. हजाराच्या आतलं जे काही आहे ते बहुतेक तुर्कस्तानातून येतं. कोन्या प्रांतातल्या हूलू गावात १९६२पासून बंदूक बनवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. हे मला कळलं तेव्हा फार जवळचं वाटलं. साखर कारखाना आणि दूध संघ पाहत वाढलेल्या माणसाला सहकार काय करू शकतो ते समजावून सांगावं लागत नाही.

मग एकाच नळीतून लागोपाठ अनेक बार काढणाऱ्या पंप किंवा सेमी-ऑटो बंदुका स्वस्त मिळत असताना दोनच बार काढणारी बंदूक लोक का मागतात? कामाच्या बाकावरून मला दिसणारं पहिलं कारण सुरक्षिततेचं आहे. ही बंदूक मोडली की शंभर पावलांवरच्या माणसालाही कळतं की ती मोडलेली आहे. काटेरी तारेचं कुंपण ओलांडायचंय? काडतुसं काढा, बंदूक मोडा, सोबत्याच्या हातात द्या, मग पाय टाका. माझ्या वडिलांचा तोच नियम इथे प्रत्येक कुंपणापाशी पाळता येतो. दुसरं कारण म्हणजे लांबी. सेमी-ऑटोला काडतूस आत ढकलणारी यंत्रणा लागते. तेवढी जागा इथे वाचते आणि त्याच लांबीच्या नळीची बंदूक दहाएक सेंटिमीटर आखूड होते. तिसरं म्हणजे दोन चोक, अर्थात नळीच्या तोंडाशी ठेवलेली अरुंदी. खालच्या नळीत मोकळा चोक, वरच्यात जरा आवळलेला. जवळून उठलेल्या पक्ष्याला पहिला बार, दूर जाणाऱ्याला दुसरा.

आता वजन. दुकानात गिऱ्हाईक बंदूक उचलतं, दोनदा खांद्याला लावतं आणि म्हणतं, "वा, पिसासारखी आहे." त्या क्षणी वजनाबद्दल त्याला जे कळतं ते अपुरं असतं. वजनाचे हिशेब तीन आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात जातात.

पहिला हिशेब चालण्याचा. फेझंटच्या मागे दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणं होतं, तेही गवतातून, नांगरटीतून, पाणथळीतल्या पाणकणसांतून. आठ पौंड म्हणजे सुमारे तीन किलो सहाशे ग्रॅम, सहा पौंड म्हणजे दोन किलो सातशे. हा नऊशे ग्रॅमचा फरक सकाळी जाणवत नाही. दुपारी तीननंतर तो हातात उतरतो. थकलेला हात बंदूक खाली झुकवतो, आणि सोबत कुत्री आणि माणसं असताना झुकलेली बंदूक चांगली नाही. हलक्या बंदुकीची बाजू इथे खरी आहे.

दुसरा हिशेब धक्क्याचा. काडतूस तेच राहिलं तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आठ पौंडांची सहा पौंड केली की तोच बार खांद्याला एक-तृतीयांश जास्त जोरात बसतो. रानात चार बार निघतात, तेव्हा अंगातल्या तारेत ते कळत नाही. पण सरावाला मातीच्या तबकड्यांवर पन्नास बार काढले की दंड काळानिळा होतो. मग माणूस सरावाला जाणं टाळतो, किंवा चाप दाबण्याआधी डोळे मिटून अंग आक्रसू लागतो. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. बारा बोअरच्या सहा पौंडी बंदुकीत तीन इंची मॅग्नम काडतुसं भरणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो.

तिसरा हिशेब फारसं कुणी मांडत नाही. तो आहे बंदुकीच्या फिरण्याचा. उडत्या पक्ष्यावर मारायचं म्हणजे बंदूक त्याच्या मागून पुढे वाहती ठेवायची आणि वाहतानाच चाप ओढायचा. हलकी बंदूक पटकन उचलली जाते, पटकन फिरते, आणि पटकन थांबते. ती थांबली की छर्रे पक्ष्याच्या मागे जातात. पुढच्या बाजूला थोडं वजन असलेली बंदूक स्वतःहून वाहत राहते, चुकार हाताला सावरून घेते. म्हणूनच हलक्या बंदुकीला मी २६ऐवजी २८ इंची नळ्या सुचवतो. थोडं वजन पुढे गेलं की ती शांत होते.

हलकेपणा येतो कुठून, हेही पाहायला हवं. नळ्या फार पातळ करता येत नाहीत, लाकूड किती कोरणार? मग उरते ती ॲक्शन, म्हणजे नळ्या ज्या पेटीत बिजागरीवर फिरतात ती. ती पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली की वजन झपाट्याने उतरतं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं. बेरेटाच्या अल्ट्रालाइटमध्ये काडतुसाचं बूड जिथे टेकतं तिथे टायटॅनियमची पाटी बसवलेली असते. फ्रँकीची इन्स्टिंक्ट एसएल ॲल्युमिनियमच्याच पेटीची, बारा बोअरमध्येही साडेसहा पौंडांच्या आत. सीझेड कंपनीने तुर्कस्तानातून आणलेली अपलँड अल्ट्रालाइट सहाच्या आसपास. यांतल्या पहिल्या दोन्ही हजार डॉलरच्या बऱ्याच वर जातात. ॲल्युमिनियम वाईट नाही. पण पेटी बंदुकीच्या मधोमध असते. मधलं वजन काढलं की नळीचं आणि दस्त्याचं वजन उघडं पडतं, आणि बिजागरीवर तोलली जायची ती बंदूक नाकाकडे झुकते.

दुसरा रस्ता आहे बोअर लहान करण्याचा. बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. म्हणून २० बोअर १२पेक्षा बारीक. साडेअठरा मिलिमीटरच्या जागी साडेपंधराच्या आसपास. २० बोअरसाठी पेटी मुळातच लहान घडवली असेल तर पोलादाची असूनही बंदूक साडेसहा पौंडांत येते आणि तोल बिघडत नाही. पण काही स्वस्त बंदुकांत १२चीच पेटी वापरून त्यात २०च्या नळ्या बसवलेल्या असतात. तिथे बोअर कमी झाला तरी वजन तसंच राहतं. दोन्ही बंदुका शेजारी ठेवून पेटीची रुंदी बोटांनी मोजली की फरक लगेच कळतो.

आता माझ्या बाकावरचं काम सांगतो. स्वस्त बंदुकीत पैसा कुठे वाचवलाय हे चकाकीवरून कळत नाही. लाकडाला तेल पाजता येतं, पेटीवर लेसरने पक्षी कोरता येतात. मी बघतो ते नळ्या आणि पेटी एकमेकांना कशा भेटतात ते. शिरोलीला डाय बसवताना आम्ही प्रशियन ब्लू लावायचो. एका पृष्ठभागावर बोटाने निळ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, उचलायचा. निळं जिथे उतरलं तिथे धातू धातूला भेटतो, कोरडं राहिलं तिथे पोकळी. बंदुकीलाही मी तेच करतो. नळ्यांच्या मागच्या तोंडावर निळ्याचा पुसट हात, बंदूक बंद करायची, मोडायची, आणि पेटीच्या भिंतीकडे खिडकीच्या उजेडात बघायचं. चांगल्या बंदुकीत दोन्ही भोकांभोवती सारखी निळी चंद्रकोर उमटते. कामचुकार बंदुकीत एका बाजूला ठसठशीत ठिपका आणि बाकी सगळं कोरडं. म्हणजे ती बंदूक एका ठिपक्यावर बंद होतेय. हजार बारांनंतर तो ठिपका झिजणार आणि नळ्या खुळखुळायला लागणार.

गिऱ्हाइकाजवळ प्रशियन ब्लू नसतो, म्हणून त्याला सोप्या खुणा सांगतो. पुढचं लाकूड काढून ठेवा, बंदूक बंद करा, दस्ता धरून हलकेच हलवा. खुळखुळ नको. बंदूक उघडायची वरची कळ बंद केल्यावर मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबते का पाहा. झिजत गेली की ती मध्यावर येते आणि पुढे डावीकडे सरकते. वापरलेली बंदूक घेताना ही एक खूण अर्धा इतिहास सांगते. नळीत प्रकाश पाडून आतल्या वर्तुळांकडे बघा, कुठे पोचा असेल तर वर्तुळ मोडतं. आणि चाप कसा आहे ते विचारा. काही बंदुकांत दुसऱ्या नळीचा चाप पहिल्या बाराच्या धक्क्यावर तयार होतो, काहींत यंत्रणेवर, धक्का बसो न बसो. रिकामी काडतुसं उडवून टाकणारा इजेक्टर नसला तरी मला चालतो. बोटाने काढायला दोन सेकंद लागतात आणि टरफलं रानात सांडत नाहीत.

चापाचा हा फरक मला रानात शिकावा लागला. इथे येऊन दुसऱ्या वर्षी मी स्वतःसाठी बारा बोअरची सहा पौंडांची नवी ओव्हर-अंडर घेतली. स्वस्त होती, हातात गोड लागत होती. ब्लू लावून पाहिली, बंद व्यवस्थित होत होती. तेवढ्यावर समाधान मानलं आणि कागदावर मारून पाहण्याआधी रानात नेली. डिसेंबर होता, उणे बारा अंश, अंगावर जाडजूड कोट. पाणथळीच्या कडेने कोंबडा उठला. पहिला बार मागे गेला. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. हलकं काडतूस आणि जाड कोट, यांत धक्का मुरला आणि दुसरा चाप तयारच झाला नाही. तासाभराने दुसरा कोंबडा उठला. या खेपेला बंदूक आवळून धरली होती. पहिला चुकला, दुसरा लागला, पण लागायला हवा तसा नाही. पक्षी डगमगला, दोन्ही पाय लोंबकळले, आणि तसाच तरंगत दोनशे यार्डांवरच्या पाणकणसांत उतरला. आम्ही दोघं आणि कुत्री अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो. बर्फावर दोन पिसं सापडली. पक्षी सापडला नाही. दिवसाच्या तीनांतला तो एक मी धरला, बंदूक मोडली आणि गाडीत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानामागे चार फुटी कागद ताणून तीस यार्डांवरून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मारल्या. खालच्या नळीचे छर्रे मधोमध. वरच्या नळीचे जवळपास एक फूट वर. दोन नळ्या झाळून जोडताना एका जागी लागतील अशा जुळवाव्या लागतात. हे वेळखाऊ काम आहे, आणि त्या बंदुकीत ते नीट झालं नव्हतं. सरळ जाणाऱ्या पक्ष्याला माझ्या दुसऱ्या बाराचा खालचा काठ तेवढा लागला होता, पायांना. कागदावर ते स्वच्छ दिसत होतं. नळ्या पुन्हा सोडवून जोडायचा खर्च बंदुकीच्या किमतीपेक्षा जास्त होता. ती बंदूक मी विकली नाही. दुसऱ्या कुणाला ती देणं मला जमण्यासारखं नव्हतं. तो कागद आजही माझ्या बाकामागे भिंतीवर आहे. हलकी आणि स्वस्त मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो दाखवतो.

बंदूक अंगाला बसणं हे वजनापेक्षा मोठं आहे, हे मला एका गिऱ्हाइकामुळे कळलं. शेतकरी कुटुंबातली बाई, उंची पाच फूट दोन इंच, वडिलांची बारा बोअर घेऊन आली होती. म्हणाली, ही फार जड आहे, मला सर्वांत हलकी द्या. मी तिला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला आणि मग डोळे उघडायला सांगितलं. काय दिसतंय? तिला नळ्यांवरची पट्टी दिसतच नव्हती, कळ दिसत होती. दस्ता साडेचौदा इंची, सरासरी पुरुषाच्या मापाचा. तिला तो लांब पडत होता. त्यामुळे डावा हात ताणला जायचा आणि सगळं वजन पुढे लोंबायचं. जडपणाची तक्रार होती, पण दुखणं लांबीचं होतं. आम्ही तिला पोलादी लहान पेटीची वापरलेली २० बोअर दिली, साडेसहा पौंडांची, आणि दस्ता पाऊण इंच कापून मागे रबरी गादी बसवली. दोन आठवड्यांनी तिने फोन करून सांगितलं, की पहिल्यांदाच सरावाहून गालावर वळ न घेता घरी आले.

म्हणून साताऱ्याच्या त्या मुलाला मी सांगितलं ते असं. "अरे, सहाच्या मागे लागू नकोस. २० बोअर घे, सव्वासहा ते पावणेसात पौंडांच्या मधली, लहान पोलादी पेटीची, २८ इंची नळ्या, यांत्रिक चाप. नवी तुर्की घे किंवा चांगली राखलेली जुनी. काडतूस पाऊण ते एक औंसाचंच ठेव. दीडशे-दोनशे डॉलर बाजूला काढ, ते दस्ता मापात बसवायला आणि सरावाच्या काडतुसांना लागतील. सरकारी पाणथळीच्या राखीव जमिनीवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, तिथे स्टीलचे ने. आणि घरात कुणाची बारा बोअर असेल तर दोन्हींची काडतुसं एका खिशात कधी ठेवू नकोस. २०चं काडतूस १२च्या नळीत घसरून अडकतं, मागून १२चं भरलं तर नळी फुटते. म्हणूनच २०ची काडतुसं पिवळी असतात."

कागदपत्रांचंही सांगितलं. तो एच-१बीवर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाला इथे एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असला तर कायद्यात सवलत आहे. म्हणजे आधी परवाना, मग दुकान. त्याचा जन्म १९७९नंतरचा, त्यामुळे मिनेसोटाचा परवाना काढायला आधी बंदूक सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागणार होता. तो म्हणाला, "काका, एवढं सगळं?" मी म्हणालो, "बाळा, एवढं तरी."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चार तास गाडी चालवून तो आला. अभ्यासक्रम झाला होता, परवाना खिशात होता. हजाराच्या आतल्या दोन बंदुका मी त्याच्यासमोर ठेवल्या. एक पावणेसहा पौंडांची, एक साडेसहाची. पहिली उचलून त्याचा चेहरा फुलला. मग मी दोन्हींना प्रशियन ब्लू लावला आणि निळं कुठे उतरलंय ते त्यालाच खिडकीशी नेऊन बघायला दिलं. साडेसहाच्या बंदुकीत दोन पूर्ण चंद्रकोरी होत्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही." मागच्या अंगणात कागदावर दोन्ही नळ्या मारून पाहिल्या. दोन्हींचे छर्रे एकाच जागी. तो कागद गुंडाळून त्याने बंदुकीबरोबर घरी नेला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याचा निरोप आला. चौदा किलोमीटर चालणं झालं, एकूण तीन बार काढले, एक कोंबडा मिळाला, तो जागीच पडला. सात कुंपणं ओलांडली आणि सातही वेळा बंदूक मोडून सोबत्याच्या हातात दिली.

इथल्या आपल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. हलकी, परवडणारी बंदूक मागण्यात काही चूक नाही. पण वजनाचा आकडा वाचून किंवा दुकानात एकदा उचलून ती निवडू नका. ती नीट बंद होते का, अंगाला बसते का आणि दोन्ही नळ्या एका जागी मारतात का, हे तिन्ही पाहा. यांतलं तिसरं फक्त कागदच सांगू शकतो, आणि कागदाला दोन डॉलरसुद्धा लागत नाहीत. नव्या बंदुकीची पहिली काडतुसं त्या कागदावर झाडा, रानात पाऊल टाकण्याआधी.